कोंबडीचं पहिलं पाणी

मला बघायला पाहुणे आले होते तेव्हा त्यांच्यातली एक बाई कुजबुजली होती, पोरगी चांगली आहे, पण नाक जरा लांब आहे. पुढे पंधरा-सोळा वर्षांनी त्याच नाकाच्या जोरावर मला गावच्या दूध सोसायटीत तपासणीचं काम मिळालं. त्या दिवशी ती बाई तिथे हजर असायला हवी होती, असं मला फार वाटलं.

काम सांगायला सोपं होतं. सकाळी साडेपाचला लोक कॅन घेऊन रांगेत उभे राहायचे. दुधात पाणी घातलंय का ते सांगणारी डिग्री बघायला आकडे लिहिलेली एक काचेची कांडी होती, फॅट बघायला यंत्र होतं. पण दूध आंबायला लागलंय का, हे त्यातलं काहीच सांगायचं नाही. ते नाकानंच कळायचं. झाकण उचलल्यावरचा पहिला श्वास तेवढा खरा, दुसऱ्या श्वासाला नाक सरावतं. कोणाच्या म्हशीनं कांद्याची पात खाल्ली आहे, कोणी कॅन साबणाच्या पावडरनं धुऊन नीट विसळला नाही, हे मी बिनचूक सांगायची. बायका मला घाबरायच्या, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

त्या वर्षी दुष्काळ होता. पाऊस असा गेला की दिवाळीतच विहिरींचे तळ दिसले. कडबा संपला तशी गावाबाहेर जनावरांची चारा छावणी पडली आणि आमच्या दोन म्हशी तिकडे गेल्या. नवराही त्यांच्यासोबत तिकडेच झोपायला जाऊ लागला. दूध इतकं कमी झालं की सोसायटीनं संध्याकाळचं संकलन बंद केलं. संध्याकाळचं दूध घरी ठेवा, ताक करा, पण सकाळच्या दुधात मिसळू नका, असं चेअरमननी दवंडी पिटल्यासारखं सगळ्यांना सांगितलं होतं. तरी मिसळणारे मिसळायचेच. शेतातून काही येत नव्हतं, घरात जे काही यायचं ते दुधाचं यायचं. अशा वेळी दोन लिटर दूध कोण बाजूला ठेवणार? रात्रभर राहिलेलं दूध उन्हाळ्यात सकाळी कसं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तर माझं नाक होतं.

आणि नेमका त्याच वर्षी माघात मला ताप आला. आठ दिवसांत ताप उतरला, पण जाताना वास घेऊन गेला.

मला ते कळलंसुद्धा विचित्र रीतीनं. फोडणीत लसूण जळून काळा पडला आणि मी त्याच्याकडे बघत उभी होते. मग मी घरभर हिंडून एकेक वस्तू हुंगून बघितली. हिंगाची डबी, रॉकेलचा कॅन, नवऱ्याचा छावणीतून आलेला सदरा. काहीच नाही. आधी मला त्याची गंमतच वाटली. हिंग म्हणजे आता नुसती भुकटी होती, आणि त्या सदऱ्याची तर मला कीव आली. मग सकाळचे साडेपाच आठवले आणि गंमत संपली.

मी कोणाला सांगितलं नाही. चार दिवसांत येईल परत, असं म्हणत महिना गेला, दुसरा सुरू झाला. तोवर मी नुसतं सोंग वठवत होते. झाकण उचलायचं, वाकायचं, श्वास घ्यायचा आणि डोळे मात्र कॅनवाल्या बाईच्या तोंडाकडे ठेवायचे. जी उगाच जास्त बोलते तिचं दूध चमचाभर उकळून बघायचं. नासलं तर परत. झाकणाच्या कडेला चिकट थर आहे का बघायचा, दूध ओतताना त्याच्या धारेचा आवाज ऐकायचा. माणसाला एक गोष्ट दिसेनाशी झाली की बाकीच्या किती दिसायला लागतात, याचं मला कुतूहल वाटायचं. पण ते कुतूहल घाबरलेल्या माणसाचं होतं. सगळ्यांचं दूध उकळून बघायला वेळ नसायचा, दुधाचा टँकर सहाला यायचा. एकदा तो टँकर जायचा त्या शीतकेंद्रावरून चिठ्ठी आली, तुमच्या गावच्या दुधाला वास आहे, पुन्हा असं झालं तर तुमचं दूध बंद. चेअरमननी ती चिठ्ठी मला वाचून दाखवली आणि म्हणाले, "तुमी हाय म्हणून निभतंय." मी मान हलवली. आख्ख्या गावाची चूल माझ्या बंद नाकावर चालली होती, हे त्या गावात दोघींनाच माहीत होतं. एक मी आणि दुसरी माझी मुलगी.

मुलगी बीडला कॉलेजात शिकत होती आणि सुट्टीला घरी आली होती. तिनं पहिल्याच दिवशी मला पकडलं, कारण तिनं लावलेलं अत्तर मी ओळखलं नाही. ती त्या काळात मोबाइलवर कोरियन मालिका बघायची. त्यात प्रेमात पडलेली माणसंसुद्धा दर दहा मिनिटांनी काहीतरी खायला बसतात. तिला वाटलं, इथले वास माझ्या नाकाला जुने झाले आहेत, त्याला काहीतरी अगदी नवं दाखवलं पाहिजे. डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं. पण डॉक्टरांनी तरी दुसरं काय सांगितलं होतं, येईल म्हणाले, वाट बघा.

"कोंबडीचा रस्साच असतो मम्मी," ती म्हणाली. "तिखट, गोड, लसणाचा. त्याच्या वाफेनं मेलेलं माणूस उठंल."

त्या पदार्थाचं नाव होतं डाकदोरीतांग. डाक, दोरी आणि टांग एकाच भांड्यात, म्हणजे चांगलंच काहीतरी असणार, असं म्हणून मी होकार दिला. खरं म्हणजे मी कशालाही होकार दिला असता.

आमच्या घरात कोंबडी करायला आठवड्यातून दोनच वार मोकळे. सोमवार महादेवाचा, मंगळवार-शुक्रवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरले बुधवार आणि रविवार. आम्ही बुधवार धरला. आणि करायची तीही घरात नाही. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायची, माळकरी. तीस वर्षांपूर्वी गळ्यात माळ घातली तेव्हापासून त्यांनी मटणाला हात लावला नव्हता. पण दुसऱ्यांना खायला मनाई नव्हती. मागच्या अंगणात तीन दगडांची चूल, तिथली दोन भांडी वेगळी, पळी वेगळी, आणि त्यांतलं काहीही स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून आत यायचं नाही. एवढाच त्यांचा कायदा.

त्या वर्षी त्यांचा दुसराही एक कायदा झाला होता, पाण्याचा. पाण्याचा टँकर आठ दिवसांतून एकदा यायचा. घरात पाण्याचा थेंब सांडायचा नाही. तांदूळ धुतलेलं पाणी आमटीला, भाज्या धुतलेलं भांड्यांना, भांड्यांचं लिंबाच्या झाडाला. उंबऱ्याजवळ पातेली ओळीनं ठेवलेली असायची, प्रत्येकावर ताटली झाकलेली. कोणत्या पातेल्यात कोणतं पाणी आहे, हे आम्हाला पाठ होतं.

दुपारी नवरा छावणीवरून आला आणि त्यानं कोंबडा कापून दिला. मुलगी मोबाइल समोर धरून वाचायला लागली.

"आधी कोंबडी थंड पाण्यात ठेवायची आणि पाणी फेकून द्यायचं. मग उकळत्या पाण्यात पाच मिनिटं टाकायची आणि तेही पाणी फेकून द्यायचं. मग पुन्हा धुवायची."

"त्या लोकांच्या घरामागं नदी असंल," नवरा म्हणाला.

मी विचारलं, उकळलेलं पाणी फेकायचं कशाला? आपण तर सगळं त्यातच शिजवतो. ती म्हणाली, कोंबडीचा उग्र वास त्या पहिल्या उकळीच्या पाण्यात उतरतो. म्हणजे आपण जो वास मसाला घालून झाकतो, तो हे लोक आधी काढूनच टाकतात. मला हे फार नवलाचं वाटलं. मी म्हटलं, पहिलं आणि तिसरं पाणी राहू दे, पण हे मधलं करून बघू. तेवढं पाणी लिंबाला जाईल.

आता ते पाणी ओतायचं कशात? बाहेरची भांडी दोनच, दोन्ही गुंतलेली. मी हळूच आत जाऊन स्वयंपाकघरातलं एक पातेलं आणलं. नंतर राखेनं घासून ठेवू, आत्याबाईंना कळणारही नाही, असा हिशेब. पाणी त्यात ओतलं, गढूळ पांढरट दिसत होतं, वर ताटली झाकली आणि निवायला उंबऱ्याजवळ ठेवून दिलं.

मग खरी मजा सुरू झाली. त्यांची ती लाल मिरचीची आंबवलेली चटणी इथे मिळणं शक्य नव्हतं. मुलीनं सांगितलं की ती सोयाबीनची असते, तेव्हा मी हसायला लागले. आमच्या सगळ्या शिवारात सोयाबीन, दरवर्षी पोत्यांनी तेलाच्या कारखान्यात जातं, आणि ते माणसानं खायचं असतं हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. मी मूठभर सोयाबीन भाजून कुटलं, त्यात लाल तिखट, गूळ, लसूण, आलं आणि आंबट ताकाचा शिपका मारला. काळा सोया सॉस तिनं वडवणीच्या चायनीजच्या गाड्यावरून बाटलीत मागून आणला होता. बटाट्याचे मोठे तुकडे, बाजारातली सुकलेली गाजरं, कांद्याच्या फोडी. शेवटी वरून तिळाचं तेल.

"खोबरं न्हाई, काळा मसाला न्हाई," नवरा भांड्यात डोकावून म्हणाला. "मंग हाय काय ह्यात?"

रस्सा रटरटायला लागला तशी मी त्या वाफेत तोंड घातलं. डोळ्यांतून पाणी आलं, नाकात झणझण झाली, पण ती नुसती झोंबण्याची झणझण. वास नाही. मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी मान हलवली. मग ती माझ्या शेजारी बसली आणि मला सांगायला लागली, अगदी हळू, नवऱ्याला ऐकू जाणार नाही असं. "पुढं लसूण आहे. त्याच्या मागं गूळ, जरा करपल्यासारखा. सोयाबीनचा वास भाजलेल्या शेंगांसारखा येतोय. आणि सगळ्यांत वर तिळाचं तेल, संक्रांतीसारखं." मी डोळे मिटून ऐकत होते. रेडिओवर मॅच ऐकावी तशी मी कोंबडीचा वास ऐकला, आणि मला रडू आलं. माझं काम गेलं तर काय, यापेक्षा हे सगळं पुन्हा कधीच आलं नाही तर काय, याची भीती मला तेव्हा पहिल्यांदा वाटली.

तेवढ्यात आतून आत्याबाईंची हाक आली. त्यांच्या आमटीची वेळ झाली होती. दिवस मावळत आला होता आणि लाइट गेलेली होती. मी डोळे पुसत उठले, उंबऱ्याजवळचं पातेलं उचललं आणि आत गेले. त्यांची येसराची आमटी रोजचीच. भाजलेली धान्यं आणि मसाला एकत्र दळलेलं येसूर तांदळाच्या धुवणात कालवायचं, फोडणीत सोडायचं, उकळी आणायची. दहा मिनिटांचं काम. मी ते केलं, त्यांना भाकरी आणि आमटी वाढली.

आत्याबाईंनी भाकरी आमटीत कुस्करली, घास उचलला, तोंडापाशी नेला आणि थांबल्या. घास परत ताटात ठेवला.

"ह्यात पाणी कशाचं हाय?"

"तांदळाचं," मी म्हणाले.

"वास घेऊन बघ."

मी वाकले, रोज सकाळी वाकते तशीच. मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, "येसराचा वास येतोय की, आत्याबाई. छान येतोय."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या, मला दंडाला धरून उंबऱ्यापाशी नेलं. तिथे दुसरं पातेलं होतं. त्यांनी मी रिकामं केलेलं पातेलं आतून आणून त्याच्या शेजारी ठेवलं, तळाशी थोडं पाणी उरलं होतं. दुसऱ्यावरची ताटली काढली.

"सांग, तांदळाचं कोणचं?"

अंधूक उजेडात दोन्ही पाणी सारखंच गढूळ. मी एकावर वाकले, दुसऱ्यावर वाकले. सवयीनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं, पण ते तोंड मला काही सांगेना. मुलगी चुलीपाशी उभी होती, नवरा पुढच्या अंगणात गेला होता. मला त्या क्षणी कळलं की मी काय केलं आहे. जो वास काढून टाकायचा म्हणून ते पाणी बाजूला केलं होतं, तेच पाणी मी तीस वर्षांच्या माळेपुढे ताटात वाढलं होतं.

"मला वास येत नाही," मी म्हणाले. "तापापासून."

मला वाटलं होतं त्या आता ओरडतील, माळेला हात लावतील, नवऱ्याला बोलावतील. त्यांनी यातलं काही केलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "आन् सोसायटीचं दूध कशानं बघती मंग?"

मी ताटली परत झाकायला लागले.

"दोन म्हैने?"

मी मान हलवली. आत्याबाई तिथेच उंबऱ्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "माझं काय, मी घास ठिवला खाली. गावानं कुटं ठिवायचा?"

एवढं लागणारं मला आजवर कोणी बोललेलं नव्हतं. मी तोंडात पदर धरून रडले. त्यांनी मला रडू दिलं. नंतर त्या उठल्या, शेंगदाण्याच्या चटणीशी भाकरी खाल्ली आणि कोंबडीच्या पाण्याचं आणि आमटीचं अशा दोन्ही पातेल्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही आजपासून भाईरची. आन् ती कोंबडी खा आता, लई पाणी खाल्लंय तिनं."

आम्ही खाल्ली. जिभेला गोड कळत होतं, खारट कळत होतं, तिखट ओठांवर जळत होतं, बटाटा मऊ लागत होता. नाक नसताना जेवण म्हणजे असं, कापड हातानं चाचपून रंग ओळखायला बसल्यासारखं. नवऱ्यानं तीनदा वाढून घेतलं आणि येसूर घातलं असतं तर जमलं असतं, असा निकाल दिला. मग तो छावणीवर गेला. त्याला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं.

सकाळी मी निघाले तर आत्याबाई दारात उभ्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन. सोसायटीच्या पायरीला त्यांचा पाय कधी लागला नव्हता. वाटेत एवढंच म्हणाल्या की चिठ्ठीचं त्यांनाही माहीत आहे, सगळ्या गावाला माहीत आहे.

रांगेत पहिला नंबर नवऱ्याचा होता, छावणी जवळ असल्यामुळे तो नेहमीच पहिला असायचा. त्याच्या मागे चेअरमन स्वतः कॅन घेऊन उभे होते, मग बाकीचे. आईला बघून नवऱ्याला नवल वाटलं. मी झाकण उचललं. मी वाकायच्या आधी आत्याबाई वाकल्या.

"मागं ठिव हे."

"आगं आई, आपलं हाय ते," नवरा म्हणाला.

"आपलं हाय तर मागं ठिव."

मी चमचाभर दूध उकळायला ठेवलं. बघता बघता त्याचे तुकडे झाले. मी नवऱ्याकडे बघितलं. त्यानं मान खाजवली.

"संध्याकाळचं दोन लिटर राहतं. कावून वाया घालवायचं, म्हणून टाकतो."

"कालचंच?" मी विचारलं.

त्यानं कॅनवर झाकण ठेवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खोट नव्हती, "तू रोज वास घेऊन पास करीत होतीस की. मला वाटलं, चांगलंच ऱ्हात आसंल."

शीतकेंद्राची ती चिठ्ठी कोणाच्या दुधामुळे आली होती, हे मला आता कोणी सांगायची गरज नव्हती. मी दोन महिने रांगेतल्या बायकांची तोंडं तपासत होते, ज्याचं तोंड सगळ्यांत ओळखीचं होतं ते सोडून.

मी सगळ्यांसमोर सांगितलं. मला दोन महिन्यांपासून वास येत नाही, तुमचं दूध मी अंदाजानं घेतलं आहे, काहींचं नुसत्या संशयावरून परत केलं आहे, आणि खराब होतं ते आमच्या घरचं. बोलताना आवाज फुटत होता, पण बोलले. कमरेची संकलन केंद्राची किल्ली काढून टेबलावर ठेवली. टँकर यायला अर्धा तासही उरला नव्हता आणि पंचवीस-तीस कॅन उभे होते.

चेअरमननी किल्लीकडे बघितलं, मग मागे सारलेल्या आमच्या कॅनकडे. त्यांनी स्वतःच्या कॅनचं झाकण काढलं आणि कॅन आत्याबाईंच्या पुढ्यात सरकवला.

आत्याबाई वाकल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आदी तिला किल्ली उचलाया सांगा. मला आकडे वाचता येत न्हाईत."

चेअरमननी किल्ली माझ्या बाजूला लोटली. मग त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी किल्ली उचलली, काचेची कांडी हातात घेतली, आणि आत्याबाई चेअरमनच्या दुधावर वाकल्या.